कॉर्डेलचं नाव घ्याल तर खबरदार

माझा भाचा कॉर्डेल चालायच्या आधी पळायला शिकला, असं माझी बहीण व्हर्नेल चर्चमध्ये सांगते. साफ खोटं आहे. तो पळायला शिकला तो शेजारच्या मिस ओडेसाच्या टर्कीमुळे. टर्की मागे लागली की हा हातातलं बिस्किट छातीशी घट्ट धरून कुंपणापर्यंत धावायचा. बिस्किट टाकून दिलं असतं तर टर्की थांबली असती, पण ते त्या शहाण्याला कधी सुचलं नाही. मिसिसिपीतल्या आमच्या गावात असल्या पोराला फुटबॉलमध्ये रनिंग बॅक करतात. आमचा अमेरिकन फुटबॉल पायापेक्षा हातानंच जास्त खेळतात. चेंडू पोटाशी धरायचा आणि समोर दीडदीडशे किलोची माणसं उभी असतात त्यांच्यात घुसायचं.

शाळेत घुसला, कॉलेजातही घुसला. कॉलेज असं की तिथला बँड फुटबॉलच्या संघापेक्षा नावाजलेला. मध्यंतराला लोक बँड बघायचे आणि उठून घरी जायचे. कॉर्डेल आल्यावर थोडे लोक मध्यंतरानंतरही थांबायला लागले, याचा बँडमास्तरला फार राग होता.

पुढचा रस्ता एकच, एप्रिलमधली निवड. तीन दिवस टीव्हीवर चालते. मोठे संघ पाळीपाळीनं सात फेऱ्यांत कॉलेजची पोरं उचलतात. आधी महिनाभर पोरांची उंची, वजन, तळहाताची लांबीसुद्धा मोजतात. मुलगी बघायला आलेली माणसं बरी. मग संघ पोराला फोन करतो, स्टेजवर एक माणूस नाव पुकारतो आणि पोरगं त्या संघाचं होतं.

व्हर्नेलला ते नाव ऐकायचं होतं. एकटीनं पोर वाढवताना ती वर्षानुवर्षं मासे सोलायच्या कारखान्यात उभी राहिली, आणि पट्ट्यावरच्या प्रत्येक बाईला तिनं सांगून ठेवलं होतं की माझ्या पोराचं नाव अख्ख्या देशासमोर घेणार आहेत.

तिसऱ्या दिवशी तिच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पास्टर हॅन्सबरो आले, प्रार्थनामंडळाच्या बायका भल्यामोठ्या टोप्या घालून आल्या. मागच्या अंगणात मी डुकराच्या बरगड्या धुरावर भाजायला लावल्या होत्या. बटाट्याचं सॅलड तीन बायकांनी तीन वेगळं आणलं होतं आणि कुणाचं आधी संपतं यावर सगळ्यांची नजर होती. सहावी फेरी संपली. नाव नाही. बायकांनी एकमेकींचे हात धरले.

तेवढ्यात कॉर्डेलनं मला ओढत अंगणात नेलं.

"मामा, यांची प्रार्थना थांबव."

"का रे? देवाशी भांडलास?"

"एजंटचा फोन होता. आता शेवटच्या फेरीत नाव आलं तर माझी वाट लागली. उत्तरेचा तो बर्फातला संघ मला उचलायचं म्हणतोय. त्यांच्याकडं आधीच चार रनिंग बॅक आहेत."

"मग तू कशाला हवास?"

"सरावात मार खायला. ऑगस्टमध्ये घरी पाठवतील. आणि कुणीच नाव घेतलं नाही, तर निवड संपल्यासंपल्या मी मोकळा. मग ज्याच्याकडं मला जायचं त्याच्याकडं जायचं. इथं दक्षिणेत एक संघ आहे, त्यांच्याकडं दोनच आहेत, त्यातल्या एकाचा गुडघा गेलाय. ते मला खेळवणार, पण त्यांची पाळी आता उरलेली नाही."

"आईला सांगितलंस?"

"तू सांग ना."

"मी? आज तिनं ठेवणीतली ईस्टरची टोपी घातलीय, बघितलीस का?"

आत आलो तर पास्टर रंगात आले होते. "हे प्रभू, त्या माणसाच्या जिभेवर कॉर्डेलचं नाव ठेव!"

"आमेन!" अख्खं घर ओरडलं.

मी डोळे मिटले आणि जमेल तेवढ्या भक्तिभावानं म्हणालो, "आणि प्रभू, ते त्याच्या भल्याचं नसेल, तर त्या माणसाचा घसा बसव!"

आमेन म्हणणारा एकटा कॉर्डेल. व्हर्नेलनं एक डोळा उघडला. "रॉस्को, प्यायलायस का तू?"

मी उत्तर देणार तोच कॉर्डेलचा फोन वाजला. बायका अशा किंचाळल्या की बाहेरचा कुत्रा पळाला. टीव्हीवर उत्तरेच्याच संघाची पाळी लागली होती. पास्टरांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"हो सर," कॉर्डेल म्हणाला. "हो, मीच." त्यानं आईकडं बघितलं. ती दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती. "सर, एक विनंती आहे. माझं नाव पुकारू नका."

"काय म्हणालास?" हे व्हर्नेल.

त्यानं फोनवर हात ठेवला. "आई, तिथं गेलो तर नाव येईल, पण मी खेळणार नाही. ऑगस्ट संपायच्या आत परत इथं."

"आणि नाही आलं तर?"

"तर दुसरीकडं जाऊन खेळेन. पण टीव्हीवर नाव येणार नाही. कधीच."

मला वाटलं, आता याच्या कानाखाली वाजणार. मग तिनं हात पुढं केला आणि फोन घेतला.

"हॅलो. मी व्हर्नेल मॅब्री, त्याची आई. तीन दिवस तुमच्या या फोनसाठी गुडघे टेकून बसलेय. आता नीट ऐका. माझ्या पोराचं नाव घ्याल तर खबरदार!" फोन कॉर्डेलच्या हातात कोंबून ती पास्टरांकडं वळली. "आमेन म्हणा."

पास्टरांनी मुकाट्यानं आमेन म्हटलं.

उत्तरवाल्यांनी त्या पाळीत चेंडूला लाथ मारणारा एक हडकुळा पोरगा उचलला. कॉर्डेल पुढं दक्षिणेत पाच हंगाम खेळला. रनिंग बॅकला हे आयुष्य लांबलचक म्हणायचं. त्यानं किती माणसं लोळवली ते सगळं पेपरात आलंय. पेपरात न आलेली गोष्ट त्याच दुपारची आहे.

निवड संपत आली तसे सगळे कॉर्डेलच्या फोनभोवती अंगणात जमले. घरात मी आणि व्हर्नेल, आणि टीव्ही चालू. त्या वर्षीचं अगदी शेवटचं नाव पुकारलं. आयडाहोचा कुणी पोरगा होता. त्याचं घर दाखवलं. त्याची आई चपला घालून सोफ्यावर चढून नाचत होती.

व्हर्नेल उभी राहिली आणि टाळ्या वाजवायला लागली. बराच वेळ वाजवत होती. मला माझ्या बहिणीचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता, आणि इतकं वाईटही वाटलं नव्हतं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तिनं ते पुसलेच नाहीत.

"किती स्पष्ट म्हणाला बघ तो माणूस," ती म्हणाली. "एक अक्षर चुकला नाही."