लुगड्याच्या पट्ट्या

दौंडच्या आठवडे बाजारात न्हावऱ्याकडचे एक म्हातारे टोमॅटोची रोपं घेऊन बसतात. सगळे त्यांना आबा म्हणतात. नाव मी कधी विचारलं नाही. रोपं काठीला बांधायला ते जुन्या हिरव्या लुगड्याच्या पट्ट्या देतात. देण्याआधी प्रत्येक पट्टी मांडीवर ठेवून तळहाताने सपाट करतात.

"सुतळी देठाला काचती, ही न्हाई काचत," गेल्या वर्षी ते मला म्हणाले. "सैल बांधा. आन् हंगाम सरला की कापू नका, सोडा. धुऊन परत आणा."

आमच्या रेल्वे क्वार्टरच्या मागे टोमॅटो भरपूर आले. शेवटी वाळक्या झाडांवरच्या गाठी सोडत बसायचा मला कंटाळा आला. कात्रीने कचाकच कापल्या आणि झाडांबरोबर पेटवून दिल्या. चिंध्याच तर होत्या!

यंदा रोपं घ्यायला गेलो, तर त्यांनी आधी हात पुढे केला. "पट्ट्या आणल्या?"

"जाळल्या हो आबा. गाठी सुटेनात."

हे खोटं होतं. मी एकही गाठ सोडून पाहिली नव्हती.

ते रागावले नाहीत. मांडीवरून रिकामाच तळहात फिरवत म्हणाले, "आमच्या हिचं लुगडं हुतं. ती गेल्यापास्नं पट्ट्या जात्यात आन् परत येत्यात. आता तिचं एकच लुगडं ऱ्हायलंय. ते न्हाई फाडायचं."

मग त्यांनी माझ्या रोपांवर सुतळीची गुंडी ठेवली.

"ही घ्या. ही कापली तरी चालंल."