बर्फावरचं ऊन

माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेच्या बर्फात होती. मी नायब सुभेदार, पोस्टवर आठ जवान. त्यांतला लान्स नाईक सिद्धाराम अक्कलकोटकडचा, मी सोलापूर शहरातला. एकाच जिल्ह्यातले म्हणून आमचं जमायचं.

रोज सकाळी सहाला फॉल-इन, म्हणजे रांगेत हजेरी. दोर, बूट तपासायचे, मग तोंडाला सनस्क्रीन, डोळ्यांना गॉगल. बर्फावरून उलटून येणारं ऊन हनुवटीखालीही भाजतं. सिद्धाराम क्रीम हातालाच पुसून टाकायचा. ते बायकांचं, असं त्याचं मत.

"साहेब, मे महिन्यात अनवाणी रानात फिरलोय की. हितलं ऊन काय करतंय?"

सगळे हसले. मीही हसलो.

एकदा सहा तासांची गस्त होती. वाफेनं गॉगल धुरकट झाला म्हणून त्यानं तो कपाळावर चढवला. अकराच्या सुमारास मी ते पाहिलं. दम लागला होता. पुढच्या हॉल्टला सांगू म्हटलं, आणि विसरलो.

संध्याकाळी त्याचे डोळे चुरचुरू लागले. पहाटे पापणी उघडेना. बाहेर रात्रभर बर्फ पडला होता. मी रेडिओवर कळवलं.

"एक कॅज्युअल्टी. स्नो ब्लाइंडनेस. ओव्हर."

"हेलिकॉप्टर येणार नाही. हवामान खराब. थांबा. ओव्हर."

उन्हानं भाजलेल्या त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. दोन दिवसांत बरं वाटेल, म्हणालो. तो पुन्हा पुन्हा विचारायचा, "साहेब, दिसंल न्हवं?"

दुपारी तीनला वरच्या उतारावरचा बर्फ सुटला. सगळे खडकाआड धावले. सिद्धारामचा हात माझ्या हातात होता. लोट आला आणि हात सुटला. खडक दहा पावलांवर होता. दिसत असतं तर तो पोहोचला असता. चार वीसला त्याला बाहेर काढलं. पट्टी तशीच होती.

त्याच्या आईला मी सांगितलं, बर्फाखाली गेला. उन्हाचं बोललो नाही.

आता सोलापुरात शुक्रवार पेठेत राहतो. मुलगी अनघा सोळा वर्षांची. भर दुपारी उघड्या डोक्यानं सायकलवर क्लासला निघते. ती परत येईपर्यंत मी दारातून हलत नाही. परवा ती वैतागली. म्हणाली, कुणाचेच बाबा असं करत नाहीत. तेव्हा घरात पहिल्यांदा हे सगळं सांगितलं.

तिनं एवढंच विचारलं, "त्यांच्या आईला माहीत आहे?"

रविवारी मी सिद्धारामच्या गावी गेलो. गॉगलचं सांगितलं, माझी चूकही सांगितली.

"लहानपणी टोपी घाल म्हटलं की पळून जायचा," म्हातारी म्हणाली. "माजंबी कधी ऐकलं न्हाय त्यानं."