बिनतारी मावशीची विनंती

चर्चच्या मंडळीत तिला सगळे बिनतारी मावशी म्हणायचे, अर्थात तिच्या पाठीमागे. तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. पँट आखूड करायला, चेन बदलायला माणसं यायची आणि माप देता देता घरचं बोलून जायची. मावशीच्या पोटात मात्र काही राहायचं नाही. बुधवारी संध्याकाळी चर्चमागच्या खोलीत प्रार्थनासभा भरे. प्रत्येकाने आपली विनंती सांगायची आणि मग सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची, अशी तिथली रीत. मावशीची विनंती सगळ्यांत लांब आणि कधीच स्वतःसाठी नसे. "नाव घेत नाही, पण पाण्याच्या टाकीजवळचं तिसरं घर," असं म्हणून ती सुरू झाली की पेंगणारी माणसंसुद्धा ताठ बसत. ही चहाडी आहे असं तिला स्वप्नातही वाटलं नाही. लोकांची दुःखं आपण देवापुढे नेतो, असा तिचा अगदी प्रामाणिक समज होता, आणि अशा माणसाला अडवणार कोण?

एका रविवारी तिची लेक आली. ती इस्पितळात नर्स होती, लग्नानंतर शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. पोटातलं बाळ तिसऱ्या महिन्यात गेलं, एवढंच तिने सांगितलं आणि कोणाला बोलू नकोस म्हणाली. मावशीने कसाबसा बुधवार गाठला आणि रडत रडत सगळं सभेत सांगितलं. त्याच आठवड्यात मंडळीतल्या एका बाईने लेकीला भर बाजारात मिठी मारली आणि देवाची इच्छा वगैरे समजावू लागली.

लेक भांडली नाही. तिने आईला फोन केला.

"तू देवाला सांगितलं असतंस तर मला काही वाटलं नसतं. तू माणसांना सांगितलंस."

त्यानंतर तिचं येणं बंद झालं. फोनवर हवापाणी आणि तब्येत, बस्स. मावशीला अन्न गोड लागेना. दोन धीराचे शब्द मिळतील म्हणून ती चर्चच्या पाळकबाईंकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, सभेत सांगून झाल्यावर घरी त्या माणसांसाठी प्रार्थना करता का? मावशी उत्तर द्यायला गेली आणि तिला एकही वेळ आठवेना. बुधवारी सांगितलं की तिचं काम संपत असे. लेकीसाठीसुद्धा तिने घरी एकदाही गुडघे टेकले नव्हते. ती इतकी खजील झाली की चहा तसाच टाकून उठली.

लेकीकडे जाऊन तिने माफी मागितली, एकही सबब न सांगता. लेक "बरं" म्हणाली आणि ड्यूटीवर निघून गेली. मग मावशीने नेम धरला, की दुकानात जे कानावर पडेल ते शिलाई मारता मारता देवाला सांगायचं आणि तिथेच ठेवायचं. सांगायला सोपं आहे. सुरुवातीचे बुधवार तिचं पोट फुगायचं. एकदा तर तोंडाशी आलेलं गिळायला ती पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर गेली. सभा लवकर सुटू लागली, आणि खरं सांगायचं तर काहींना ते मुळीच आवडलं नाही.

वर्ष उलटलं. एका बुधवारी सभेत शेजारीण हसत म्हणाली, की मावशी, लेकीला पाचवा महिना लागला आणि तू पत्ता लागू दिला नाहीस. सगळ्यांनी माना वळवल्या. मावशीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. जगाला कळलं आणि आईला नाही, हे तिला फार लागलं. नुसती मान हलवून वेळ मारून नेता आली असती.

"मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "तिला वाटेल तेव्हा ती सांगेल. आज तिचा विषय नको."

घरी येऊन ती पोटभर रडली, मग गुडघे टेकले. लेकीला विचारायला तिने फोनला हात लावला नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

पुढच्या महिन्यात लेक स्वतःच दुकानात आली. सभेत आई काय बोलली ते तिच्या कानावर गेलं होतंच, त्या खोलीतलं काही लपत थोडंच होतं! ती स्टुलावर बसली.

"आई, मला फार भीती वाटते गं. माझ्यासाठी प्रार्थना कर. इथेच, माझ्यासमोर."

मावशीने तिचा हात धरून डोळे मिटले. एवढी बोलकी बाई, पण दोन वाक्यांपुढे तिला शब्द फुटेना. उरलेली प्रार्थना लेकीनेच पुरी केली.