आरवलीच्या कुंडात, भिंतीच्या अलीकडे

ही सहल आमच्या सासूबाईंच्या डोक्यातून निघाली. त्या कळवणला राहतात आणि फोनवर समोरच्याचं ऐकून घेणं त्यांना फारसं जमत नाही. "कोकनात गरम पान्याची कुंडं हायेत. दोघं जोडीनं बुडी मारून या. लय बायांची कूस उजवली तिथं," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. मंगेश, म्हणजे माझा नवरा, हातातला चहा तसाच धरून बसला होता.

गंमत अशी, की आमच्या डॉक्टरीणबाईंनी नेमकं उलटं सांगितलं होतं. मूल व्हावं म्हणून आमचे उपचार चालू होते. दोनदा आयव्हीएफ करून झालं, दोन्ही वेळा पदरी काही पडलं नाही. तिसऱ्यांदा करायचं असेल तर मंगेशनं गरम पाण्यापासून लांब राहायचं, पुरुषाला उष्णता वाईट. तुम्हीसुद्धा कढत पाणी टाळा, असं मलाही बजावलं होतं. नाशिकची थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. द्राक्षबागांमध्ये लोक शेकोट्या पेटवत होते, आणि आमच्या घरात दोन धडधाकट माणसं गार पाण्यानं अंघोळ करून दात वाजवत डबे भरत होती.

पुढच्या आठवड्यात दवाखान्यात जाऊन हो किंवा नाही सांगायचं होतं. मला नाही म्हणायचं होतं. अगदी मनापासून. इंजेक्शनांचा, वाट बघण्याचा, दवाखान्याचा फोन वाजला की हातातलं काम टाकून धावण्याचा मला वीट आला होता. पण रोज पहाटे अंबडच्या कंपनीत जाण्याआधी जो माणूस कुडकुडत गार पाणी अंगावर घेतो, त्याला "पुरे कर आता" कुठल्या तोंडानं सांगायचं? त्याला मूल हवं होतं, नाहीतर एवढा सोस कशाला केला असता? म्हणून मी गप्प होते. घरात बसवत नव्हतं, म्हणून निघालो. कुंडं नुसती बघू, पाय बुडवू, समुद्रावर जाऊ, असं ठरलं.

या ब्लॉगवर मी आजवर मिसळ, घाट आणि खड्डे यांच्यापलीकडे फारसं लिहिलेलं नाही. यावेळी फोटो का नाहीत, कुंडांबद्दल का लिहिलं नाहीस, असं बऱ्याच जणांनी विचारलं. तर घ्या.

नाशिकहून उजाडायच्या आत निघालो. कसारा घाट उतरून शहापूर, आणि तिथून कल्याणच्या वाहतुकीत न शिरता मुरबाड, कर्जत, खोपोली, पाली असा आतला रस्ता धरला. कोकणात जाणाऱ्या नाशिककरांना माझा हाच सल्ला. रस्ता काही ठिकाणी अरुंद आहे, पण डोकं शांत राहतं. आमचं फारच शांत राहिलं. कर्जतपर्यंत आम्ही फक्त डिझेल आणि डावं-उजवं एवढंच बोललो. आभाळ भरलेलं होतं, जानेवारीत नको तेव्हा येतं तसं. माणगावला वडापाव खाल्ला, तो थंड होता.

महाडवरून दापोलीकडे वळलो आणि वाकवलीहून आत उन्हवऱ्याला गेलो. गाव लहान, झाडीत दडलेलं. कुंडाच्या अलीकडेच गंधकाचा वास येतो, जुनी फटाक्याची दारू ओली व्हावी तसा. झऱ्याचं पाणी इतकं कढत की वाफ दिसते. अंघोळीसाठी बायकांची आणि पुरुषांची वेगवेगळी सोय आहे. कपडे बदलायला आडोसा आहे, पण टॉवेल, जुने कपडे आणि प्लास्टिकची पिशवी आपली आपण न्यावी. चांदीचं काही अंगावर असेल तर आधी काढून ठेवा. माझी जोडवी तिथल्या शिंतोड्यांनीच काळवंडली.

"तू जा," मंगेश म्हणाला. "मी गाडीपाशी थांबतो."

"गाडी कोण पळवणार आहे इथून?"

"तसं नाही गं. आपलं उगाच."

म्हणजे त्याचा अजून जीव अडकला होता. तो पथ्य पाळत होता. मग मी तरी कशी उतरणार? काठावर बसून आले आणि "फार गरम आहे" असं सांगितलं. तो बरं म्हणाला. ज्या झऱ्यासाठी एवढे घाट उतरून आलो, त्याच्यापासून आम्ही दोघं कोरडे परतलो.

मुक्काम दापोलीजवळच्या मुरूडला केला. घरगुती सोय, खोली दोन हजारांच्या आत, समुद्र हाकेच्या अंतरावर. सुरमईची थाळी उत्तम, सोलकढी हवी तेवढी. जेवण वाढणाऱ्या काकूंनी पहिल्याच घासाला विचारलं, "मुलांना नाही आणलंत?" हा प्रश्न आम्हाला नवा नाही. मंगेशनं नेहमीसारखं उत्तर दिलं, "शाळा आहे." मी त्याच्याकडे बघितलं नाही. नसलेल्या मुलांची शाळा आम्ही आता कितव्या इयत्तेपर्यंत आणली असेल कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी हर्णैला मासळीचा लिलाव बघितला. जाणार असाल तर संध्याकाळी जा, होड्या लागतात तेव्हा, आणि कपडे फार चांगले घालू नका. मला एरवी असल्या गलबल्याचं भारी वेड. त्या दिवशी मात्र टोपल्यांमधले उघड्या डोळ्यांचे मासे बघवेनात. समुद्र करडा होता, आभाळही तसंच, दोन्हींतली रेघ दिसत नव्हती. मंगेश वाळूत बराच लांब चालत गेला. मी त्याला हाक मारली नाही. आल्यावर सांगेल काहीतरी, असं वाटलं. आला आणि म्हणाला, "पायाला शिंपले टोचतात."

तिसऱ्या दिवशी दाभोळहून फेरीबोटीनं गाडीसकट खाडी ओलांडली. ही बोट अजिबात चुकवू नका. दोघं आणि गाडी मिळून पाचशेच्याही आत काम होतं आणि मोठा वळसा वाचतो. पलीकडे धोपावे, मग गुहागर. गुहागरच्या किनाऱ्यावर सुरूची झाडं आहेत, त्यांच्यातून वारा गेला की कुणीतरी लांब श्वास सोडल्यासारखं वाटतं. रात्री खोलीवर सासूबाईंचा फोन आला. "केली का अंघूळ?" मंगेश म्हणाला, "उद्या करतो, आई." मला त्याचा रागच आला. खोटं बोलायचं तर धड बोल ना.

परतताना थोडा उलटा वळसा घेतला, चिपळूणला न थांबता मुंबई-गोवा महामार्गानं सावर्डे ओलांडून आरवलीच्या कुंडावर गेलो. हे कुंड महामार्गाच्या इतकं जवळ आहे की ट्रकचे हॉर्न ऐकत अंघोळ होते. जवळून नदी वाहते. इथलं पाणी उन्हवऱ्यासारखं भाजत नाही, अंगाला सोसवेल इतपत गरम. बायकांचं कुंड अलीकडे, पुरुषांचं पलीकडे, मध्ये भिंत. वरून उघडं, त्यामुळे इकडचं तिकडे ऐकू जातं.

मंगेश म्हणाला, "मी तिकडे जरा बघून येतो." मी इकडे आले. आत एकच बाई होत्या, जवळच्याच वाडीतल्या, गुडघे दुखतात म्हणून नेहमी येणाऱ्या. मी पायरीवर बसून घोट्यापर्यंत पाय सोडले. त्यांना ते बघवेना.

"कुठनं आलाव?"

"नाशिकहून."

"येवढ्या लांबनं येऊन पाय धुताव? बसा की खाली. मानेपर्यंत बसा! चटका नाय बसायचा. आता कशी, हां, बरं वाटतंय ना?"

आवाज असा, की नदीपलीकडे ऐकू जावा. मी खरं तर जागची हलले नव्हते, फक्त पाय अजून थोडे खाली सोडले होते. मी नुसतीच हसले.

थोड्या वेळानं भिंतीपलीकडून पाण्याचा मोठा डुबुक आवाज आला, आणि मग मंगेशचा "आऽऽह". हा आवाज मी ओळखते. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात न्हाणीघरातून रोज यायचा, कढत पाण्याचा पहिला तांब्या अंगावर घेतला की. गेल्या वर्षभरात एकदाही ऐकला नव्हता.

तो उतरला होता. अख्खा. म्हणजे त्यानं थांबायचं ठरवलं होतं, मला न सांगता. इतके दिवस ज्याची वाट बघत होते ते झालं, तर मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी साडीसकट पाण्यात उतरले, मानेपर्यंत, आणि रडले. खूप रडले. त्या बाई जवळ आल्या, काही विचारलं नाही, ओंजळीनं माझ्या पाठीवर पाणी घालत राहिल्या.

बाहेर आलो तेव्हा दोघांचेही डोळे लाल. गंधकाचं पाणी, असं म्हणायची सोय होती. गाडी चिपळूणच्या दिशेला लागली.

"मला आधी सांगायचं होतंस," मी म्हणाले.

"काय?"

"की तुला थांबायचंय. सरळ आत उतरलास."

"मी?" त्यानं माझ्याकडे बघितलं. "अगं, तू उतरलीस म्हणून मी उतरलो. ती बाई ओरडत होती ना, मानेपर्यंत बसा म्हणून. मला वाटलं, हिनं ठरवलं. आता आपण एकट्यानं पथ्य पाळून काय करायचं?"

"मी पायरीवर बसले होते, मंगेश. तुझा आवाज ऐकून उतरले."

रस्त्याचं काम चालू होतं, गाडी धुळीतून हळूहळू जात होती. मग त्यानं तुकड्यातुकड्यानं सांगितलं, तेव्हा कळलं ते एवढंच, की वर्षभर मी त्याच्यासाठी गार पाणी घेत होते आणि तो माझ्यासाठी. त्याला वाटत होतं, मलाच मूल हवंय, आणि तो नको म्हणाला तर मी मोडून पडेन.

"एका अंघोळीनं काही बिघडत नाही," तो शेवटी म्हणाला. "डॉक्टरांना सांगू. अजून थोडे महिने सांभाळू. तुला हवं असेल तर."

भिंतीआडून झालं ते काही ठरवणं नव्हतं. आता मात्र तोंडानं बोलायला हवं होतं.

"नको," मी म्हणाले. "मला नको आता. तुला?"

त्यानं गाडी बाजूला घेतली. स्टिअरिंगवर डोकं ठेवलं आणि तो रडायला लागला, लहान मुलासारखा, आवाज करून. बऱ्याच वेळानं मान हलवली. नको.

कुंभार्ली घाट, पाटण, पुणे, संगमनेर असे घरी आलो. घाटात धुकं असतं, दिवे चांगले ठेवा. संगमनेरनंतर जेवायला चांगली ठिकाणं आहेत, आम्ही थांबलो नाही.

आता हिशेब मांडायचा तर कोकण सुंदर आहे, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण त्या कुंडाचं नाव निघालं की मला अजून आधी त्या पलीकडच्या आवाजानं झालेला घाव आठवतो, सुटका नंतर. सुटका आहे, खोटं का बोलू. पण घर मोठं वाटतं, आणि रविवार तर फारच मोठा.

घरी आल्यावर मंगेशनं कळवणला फोन लावला. स्पीकरवर ठेवला, माझा हात धरला.

"आई, अंघोळ केली दोघांनी. पण आता पुढचं काही करायचं नाही. उपचार थांबवतोय. आमचं दोघांचं ठरलंय."

एरवी दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ न देणाऱ्या आईंनी हे सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यांनी मला हाक मारली.

"पोरी, हायेस का तिथं?"

"आहे, आई."

"अंग शेकून निघालं का तुझं? लय इंजेक्शनं टोचली तुला."

मी फोन मंगेशपुढे सरकवला. मंगेश म्हणाला, "निघालं, आई," आणि फोन ठेवायचं भान आम्हाला दोघांनाही राहिलं नाही. पलीकडून त्यांचं रडणं ऐकू येत होतं.