पंचमीनंतरची अळंबी

उत्रोलीला माझ्या माहेरी अळंबी कुणी खात नसे. भाताच्या बांधावर, उकिरड्याच्या कडेला पावसात पांढऱ्या टोप्या उगवायच्या, आणि त्या सगळ्यांना आई एकाच नावानं ओळखायची, कुत्र्याच्या छत्र्या. चुकून पायानं जरी एखादी मोडली तरी ती आम्हाला पाय धुतल्याशिवाय उंबऱ्याच्या आत घेत नसे. कुणी खाऊन मेल्याचं तिनं कधी सांगितलं नाही. तिचा चेहराच पुरेसा होता.

लग्न होऊन मी वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वस्तीवर आले. सात-आठ घरं, भोवती भातखाचरं आणि वर सगळं रान. इथं अळंबी म्हणजे सण. पावसाचा जोर जरा ओसरला, मधेच ऊन पडलं आणि ढग गडगडले की सासूबाई टोपली घेऊन रानात निघायच्या. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. आत्यांना डोंगरातलं एकूण एक वारूळ ठाऊक होतं.

पहिल्या काही वर्षांत मी त्यांच्याबरोबर जायचे, सून म्हणून जावंच लागायचं. वारुळाच्या अंगावर आणि खालच्या मातीत ती उगवलेली असायची. टोपीच्या मधोमध टोक, खाली पांढऱ्या पाकळ्या, आणि देठ ओढला की तो जमिनीत मुळासारखा लांबच लांब गेलेला.

"ह्यो देठ बघ," आत्या म्हणायच्या. "वारुळाच्या पोटात गेलाय. ज्येला असं मूळ न्हाई, त्येला हात लावायचा न्हाई."

मी बघायचे, मान हलवायचे, आणि हात मागं घ्यायचे. तिथंच चार हातांवर दुसऱ्या टोप्या उगवलेल्या असायच्या, मला अगदी तशाच दिसणाऱ्या. आत्या त्यांच्याकडं ढुंकूनही बघायच्या नाहीत. घरी येऊन त्या अळंबी चिरायच्या, कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून कालवण करायच्या, आणि शिजताना त्यात लसणाची एक अख्खी पाकळी टाकायच्या. पाकळी काळी पडली नाही की कालवण चांगलं. घरभर मटणासारखा वास सुटायचा. सगळे बोटं चाटून जेवायचे आणि मी भाकरीबरोबर चटणी खायचे. सुरुवातीला आग्रह झाला, मग थट्टा झाली, मग सवय झाली. "उत्रोलीची बाई चटणीच खाणार," असं माझे मालक म्हणायचे.

त्या वर्षी नणंद पंचमीला माहेरी आली होती. ती भोरला राहते. पंचमीला आम्ही दोघींनी आत्यांबरोबर वारुळाला जाऊन पूजा केली. त्या दिवशी माती उकरायची नाही, काही चिरायचं नाही, म्हणून वारुळावर उगवलेली अळंबी तशीच ठेवून आलो. दुसऱ्या दिवशी मी अंगणवाडीत गेले. मी आमच्या वस्तीची अंगणवाडी चालवते. दुपारी घरी परतले तेव्हा वास दारापर्यंत आला होता. मालक, नणंद आणि आत्या जेवून उठत होते. माझी सात वर्षांची मुलगी आत्यांच्या ताटाशी बसली होती.

"तिनं खाल्लं?" मी विचारलं.

"दोन घास दिलेत नातीला," आत्या म्हणाल्या. "तुझ्यावानी उपाशी ठिवायची व्हय तिला?"

मुलगी माझ्याकडं बघत होती. मी तिला हात धुवायला पाठवलं.

भांडी घासून झाली. नणंद ओसरीत आडवी झाली होती. थोड्या वेळानं ती उठली आणि धावत परसात गेली. पित्त झालं असेल असं मला वाटलं. ती परत येऊन भिंतीला टेकते न टेकते तोच पुन्हा गेली. तेवढ्यात गोठ्यातून मालकांचा ओकल्याचा आवाज आला. मी तांब्या घेऊन तिकडं धावले. ते गव्हाणीला धरून वाकले होते, कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. मला बघून ते म्हणाले, "आईला बघ."

आत्या स्वयंपाकघरात चुलीपाशी बसल्या होत्या. हात पोटावर. लुगडं खराब झालेलं त्यांना कळलंही नव्हतं. "कायतरी चुकलंय," एवढंच त्या म्हणाल्या.

घरात चार माणसांनी खाल्लं होतं आणि जिला अळंबी कळते अशी एकच व्यक्ती माझ्यासमोर पिवळीफटक होऊन बसली होती. ती सोडली तर कुणाला विचारायचं? मी मुलीला शोधलं. ती पायरीवर बसून मांजराशी खेळत होती.

"पोटात दुखतंय?"

"नाही."

"मळमळतंय?"

"नाही."

अंगणवाडीत जुलाबावरच्या पावडरीच्या पुड्या असतात, त्यातल्या दोन-तीन माझ्या पिशवीतही असत. पाण्यात कालवून मी तिघांना घोट घोट पाजायला लागले. पाजलेलं सगळं उलटून येत होतं. आमच्या घरात मोबाईलला रेंज नाही, खाचराच्या टोकाला मोठ्या दगडावर उभं राहिलं की येते. मी चिखलातून तिथंवर पळत गेले. खालच्या गावातून दुधाचा टेम्पो नेणाऱ्या माणसाला फोन लावला. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्या वेळी त्यानं उचलला. काय झालंय ते मी एका दमात सांगितलं.

"आलोच," तो म्हणाला. "पर वड्याला पाणी हाय. माणसं वड्यापातूर आना."

परत येताना मला वाटलं, डॉक्टर विचारतील काय खाल्लं, तेव्हा दाखवायला काहीतरी हवं. मी उकिरड्यावर गेले. चिरताना काढून टाकलेले देठ तिथं पडले होते. काही लांब, टोकाला निमुळते, मातीनं भरलेले. ते माझ्या ओळखीचे होते. पण त्यांच्यात दुसरेही होते, आखूड, बुडाशी गाठीसारखे फुगलेले, वर कापडाच्या चिंधीसारखं एक कडं. आणि एक अख्खी टोपी, किडकी म्हणून टाकलेली असावी. मी ती काडीनं उलटी केली. खालच्या पाकळ्या हिरवट होत्या, साचलेल्या पाण्यावरच्या शेवाळासारख्या. मी तिथंच उकिडवी बसून राहिले. मग डबा आणला आणि सगळं हाताला न लागेल अशा बेतानं पानानं उचलून आत टाकलं.

नणंदेला मी विचारलं. ती कण्हत म्हणाली, "वैनी, म्या आनली ती. सकाळी आई वारुळाची आनाय गेली, म्या खाली रस्त्याकडंच्या गवतातली आनली ओढणीत. आईनं बघितली. वासाला बरी हाय म्हनली."

आत्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. आम्हाला ते माहीत होतं, पाऊस संपला की ऑपरेशन करायचं ठरलंही होतं. पण त्या दूध काढायच्या, भाकरी थापायच्या, वारुळापर्यंत जायच्या, त्यामुळं त्यांना किती कमी दिसतंय हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

शेजारच्या दोन बायका खाचरातून आल्या. आत्यांना आम्ही घोंगडीत घालून ओढ्यापर्यंत नेलं. मालक आणि नणंद धरून धरून चालले, मधे मधे बसत. मुलगी माझा पदर धरून होती. दर दहा पावलांना मी तिच्या कपाळाला हात लावत होते, शेवटी ती वैतागून म्हणाली, "आई, मला काही झालं नाहीये."

पलीकडं टेम्पोवाला उभा होता. तो पाण्यात उतरला आणि आत्यांना पाठुंगळी घेतलं.

वेल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं तिघांना सलाईन लावलं, डबा उघडून टोपी खालून-वरून पाहिली, मोबाईलवर फोटो काढून कुणाला तरी पाठवले. मग मला बाजूला घेतलं.

"जेवण कधी झालं? उलट्या कधी सुरू झाल्या?"

मी सांगितलं.

"म्हणजे लवकर झाल्या. ते बरं झालं," ती म्हणाली. "हिरव्या पाकळ्यांची ही छत्री पोटातून फार त्रास देते, पण पाणी भरत राहिलं तर माणूस सावरतो. ज्या जातीनं माणूस दगावतो तिचं लक्षण उशिरा दिसतं. अर्धा-एक दिवस काहीच होत नाही. तोवर ती आत काळीज-यकृत धरते."

"आम्ही लसूण टाकला होता," मी म्हणाले. "पातेल्यात राहिलेली पाकळी पांढरीच होती."

"लसणाला त्यातलं काही कळत नाही." मग तिचं लक्ष मुलीकडं गेलं. "हिनं खाल्लंय?"

"दोन घास."

"हिला उलटी, जुलाब?"

"काही नाही."

"मग हिलाही इथंच ठेवू या. देठ मिसळलेले आहेत, आणखी काय होतं त्यात ते आपल्याला माहीत नाही."

तोवर मला वाटत होतं, देवानं निदान लेकराला वाचवलं. त्या एका वाक्यानं सगळं उलटं झालं. जे तिघं ओकत होते ते वाचणार होते, आणि जी हसत खाटेवर उड्या मारत होती तिचं काय होणार हे कुणाला सांगता येत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी तिचं रक्त घेतलं. पुण्याला न्यायची वेळ आलीच तर गाडी तयार राहील असंही सांगितलं. मी हो हो म्हणत होते आणि ऐकत काहीच नव्हते.

त्यानंतरचा वेळ मी मुलीच्या चेहऱ्याकडं बघत काढला. तिनं जांभई दिली तरी मी उठून तिच्यावर वाकायचे. तिच्या डोळ्यांतलं पांढरं मी पापणी वर करून बघायचे, पिवळं वाटतंय का म्हणून, आणि खिडकीच्या उजेडात ते कधी पिवळं दिसायचं, कधी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीपेक्षा उशिरापर्यंत झोपली. मी तिला हलवून उठवलं. ती रडवेली होऊन म्हणाली, "भूक लागलीय." मी बाहेरच्या टपरीवरून खारी आणली आणि तिचा एकेक घास घशाखाली उतरताना बघत राहिले.

शेजारच्या खाटेवर आत्या शुद्धीवर पडून होत्या. एकदा त्यांनी हात पुढं केला आणि नातीचा पाय चाचपला.

"गरम हाय ना गं पाय?" त्यांनी विचारलं.

"गरम आहे, आत्या."

"गार पडला तर मला सांग. मला सांगायचं न्हाई असं करू नको."

तेव्हा मला कळलं की त्याही तास मोजत होत्या, माझ्यासारखेच.

मालकांना आणि नणंदेला आधी बरं वाटलं. आत्यांना वेळ लागला. मुलीचं रक्त पुन्हा तपासलं, ते पहिल्यासारखंच चांगलं आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता काळजी नाही. मला ते पटेना. मी त्यांना अजून एकदा विचारलं, त्यांनी अजून एकदा तेच सांगितलं.

घरी परतताना आम्ही एसटीनं खालच्या फाट्यापर्यंत आलो. आत्या पुढच्या बाकावर लेकीजवळ बसल्या होत्या. मुलगी खिडकीशी, मी तिच्या शेजारी. ती हळूच माझ्या कानाशी आली.

"आई, मी खाल्लंच नव्हतं."

"काय?"

"आजीनं घास भरवला ना, तो मी गालात धरला. तू हात धुवायला पाठवलंस तेव्हा टाकून दिला. दुसरापण."

"मग सांगितलं का नाहीस?"

तिनं पुढच्या बाकाकडं पाहिलं. "आजीला वाईट वाटलं असतं. आणि डॉक्टर रागावल्या असत्या."

मी तिला रागावले नाही. रागवायला अंगात काही उरलंच नव्हतं. फाटा आला तरी मी बसूनच होते, आणि कंडक्टरनं दोनदा हाक मारल्यावर उठले.

दिवाळीनंतर आत्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पुढच्या पावसात त्या पुन्हा रानात गेल्या. मालकांनी अडवून पाहिलं, त्यांनी ऐकलं नाही. मीच बरोबर गेले. त्यांनी फक्त एका वारुळावरची काढली, आणि प्रत्येक देठ मुळासकट उपटून माझ्या हातात दिला. मी उलटून बघायचे, त्या बघायच्या, मग टोपलीत. लसूण त्या दिवशी कुणी टाकला नाही.

मालकांनी आणि आत्यांनी खाल्लं. नणंदेला कळवलं तेव्हा ती फोनवर फक्त हसली. मुलगी म्हणाली, मला चव बघायचीय. मी नको म्हणाले. आत्यांनी तिच्यासमोरून ताट उचललं आणि तिला दुधात भाकरी कुस्करून दिली.

दिवस मावळेपर्यंत मी त्या दोघांभोवती घुटमळत होते. मालक गोठ्यात गेले की मी गोठ्यात, आत्या परसात गेल्या की मी परसात. आत्यांनी शेवटी मला जवळ बसवून घेतलं आणि तांदूळ निवडायला दिले.