दुसऱ्यांचे हात

बहात्तरच्या दुष्काळानंतर मी उंब्रजला साखर कारखान्याच्या गट ऑफिसात टायपिस्ट होतो. आमचा टाइपरायटर दुरुस्त करायला सांगलीहून एक मेकॅनिक एस.टी.नं यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही, याची आता लाज वाटते.

मशीन उघडण्याआधी तो हेडक्लार्कना आणि मला चार-चार ओळी टाइप करायला लावायचा. कागदाकडे बघायचाच नाही. नजर आमच्या बोटांवर. दुरुस्ती झाली की आधी हेडक्लार्कसारखी दोनच बोटं दणादण आपटायचा, मग माझ्यासारखी डावी करंगळी वर धरून टाइप करायचा. हेडक्लार्क हसायचे. मला मात्र राग यायचा. एकदा म्हणालोच, "नकला कसल्या करता?"

"नक्कल न्हाई, सायेब. माझ्या हातात मशीन चालंलच की! बिघडतं ते तुमच्या हातात. मी गेल्यावर हितं तुमीच बसणार न्हवं?"

कराडच्या वकिलाचा कापरा हात, कुंडलच्या मास्तरांचा घाईचा हात, सगळे त्याच्या बोटांत होते.

एके दुपारी त्याच्या गाडीला वेळ होता. मी कोरा कागद चढवला. "आज तुमच्या हातानं होऊ द्या."

त्यानं फडक्याला हात पुसले, दहाही बोटं कळांवर ठेवली आणि झरकन 'प्रिय' टाइप केलं. मग थांबला.

"फुडं कुणाचं नाव घालायचं, सायेब?"

"घाला की घरच्या कुणाचं."

तो कागदाकडे बघत राहिला. मग त्याची डावी करंगळी हळूच वर गेली, आणि 'प्रिय'च्या खाली माझ्या हातानं ओळ उमटू लागली : 'सर्व ऊस उत्पादक सभासदांना कळविण्यात येते की...'