डोळे शेवटी

सुपडूआप्पा मेलेल्या शिपायाला पुन्हा लढाईवर पाठवण्याआधी त्याचे कपडे बदलत. शिपाई बोटाएवढा, प्लॅस्टिकचा. पण नियम म्हणजे नियम. खेळात जो पडला तो आप्पांबरोबर घरी जायचा. त्याचा अंगरखा, पागोटं, मिशी, सगळं नव्यानं रंगवलं जायचं आणि मगच तो टेबलावर परत यायचा, कुणी दुसराच माणूस म्हणून. "मरेल मानूस त्याच कपडामा परत कसा येई, भो?" असं ते मला विचारत. माझे मेलेले मी तंगडीला धरून उचलायचो आणि पुढच्या डावाला तसेच उभे करायचो. एकदाच हिरवा हात मारलेली माझी फौज होती, चेहरे बटाट्यासारखे. आप्पांनी तो नियम माझ्यावर कधी लादला नाही. माझी लायकी त्यांनी ओळखली होती.

नव्वदच्या दशकात आम्ही दोघं सुरतेत, साड्या छापणाऱ्या एका युनिटमध्ये होतो. आप्पा कलर मास्टर, म्हणजे छपाईचे रंग कालवून देणारे. राहायला लिंबायतला, मूळ शिंदखेड्याकडचे, बोलणं अहिराणी. मी मराठवाड्यातला, तपासणीला. फुलाबाहेर रंगाचा ठिपका गेला की साडीवर खडूनं फुली मारायची, हे माझं काम. दिवसभर फुल्या मारून माझं तोंडही फुलीसारखं झालंय, असं बायको म्हणायची. फारसं बोलण्याची सवय मला तेव्हाही नव्हती. त्यामुळे लोक मला विचारी समजत, आणि मीही त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

शेठ साड्यांवरच्या फुलांसाठी रद्दीतून परदेशी मासिकं आणत. त्यातल्या एका पानावर आप्पांना फुलांऐवजी चार-पाच पांढऱ्या दाढीचे गोरे म्हातारे दिसले. मोठ्या टेबलावर बाहुल्यांएवढ्या फौजा मांडून ते वाकून बसले होते. आप्पांनी ते पान माझ्यापुढे धरलं. इंग्रजी मलाही बेताचंच. मी गंभीरपणे वाचल्यासारखं केलं आणि सांगितलं, "जुन्या लढायांचा खेळ आहे."

"हाई बुढ्ढास्ले लाज नही वाटत, ते आपले काब्र वाटाले पाहिजे?" आप्पा म्हणाले.

खेळाचे नियम आम्ही त्या चित्राकडे बघून बनवले. आठवड्यातून एक दिवस वीज बंद असायची, त्या दिवशी साड्या छापायचं लांबलचक टेबल मोकळं असे. तेच आमचं रणांगण. फुलाची नक्षी टेबलावर जितक्या अंतरानं पुन्हा येते, तितकं एका चालीत घोडेस्वारानं जायचं. पायदळानं त्याच्या निम्मं. फासा लुडोचा. सहा पडला की समोरचा एक मेला. बाजारात पाकिटात मिळणारे बंदूकवाले हिरवे शिपाई आणून आप्पा त्यांच्या बंदुका कापायचे, टाचणीचा भाला द्यायचे, मळायच्या पुट्टीचं पागोटं चढवायचे. मोगल व्हायला दोघंही तयार नव्हतो. चिठ्ठ्या टाकल्या, मी मोगल झालो, आणि कायमचा मोगल राहिलो. आमचा गुजराती वॉचमन टेबलावरचे मावळे बघून हात जोडायचा, "फरी सुरत लूंटवा आव्या, भाई? चा पीने जाजो."

घरी मी मशीनच्या दुरुस्तीचं काम असतं असं सांगितलं होतं. एक दिवस माझ्या कानामागे हिरवा रंग सापडला आणि सगळं बाहेर आलं. बायको डोक्याला हात लावून बसली. "बाहेर बाई असती तर रागानं माहेरी तरी गेले असते. प्लॅस्टिकच्या शिपायांपायी कोणत्या तोंडानं जाऊ?"

आप्पांच्या ब्रशला दोनच केस असत. बाकीचे उपटून टाकलेले. श्वास रोखून ते रंगवायचे. चेहरा, मिशी, गंध, सगळं झाल्यावर डोळे. मी एकदा विचारलं, आधी का नाही? "डोया शेवटले. पहिले काढा ते तो आपलाकडे देखत ऱ्हास. मंग हात चुकाले मोकया ऱ्हात नही." आणि त्यांच्या शिपायांच्या डोळ्यात खरंच काहीतरी असे. माझ्या मोगलांवर चाल करून येताना ते मला ओळखून येत आहेत असं वाटायचं.

मग एका डावाला एका मावळ्याची मिशी हनुवटीवर उतरलेली दिसली. पुढच्या वेळी एकाचा डोळा कानाजवळ गेला होता. साडीवरचा ठिपका दहा हातांवरून पकडणारा मी. मला दिसलं नाही, हे सांगू कुणाला? आप्पांची नजर चालली होती, हातही थरथरत होता. मी काही बोललो नाही. न बोलण्यात माझा हात कुणी धरला नसता.

पण एक केलं. आप्पांचा शिपाई मेलाच नाही तर रंगवावा लागणार नाही, असं गणित मी मांडलं. घोडे मुद्दाम चुकीच्या वाटेनं नेऊ लागलो. सहा पडला की बाहीचा धक्का लावून पाच करू लागलो. आयुष्यात मी पहिल्यांदाच कुणावर उपकार करत होतो आणि त्याचा मला इतका अभिमान होता की पाच करताना मी छाती भरून श्वास घ्यायचो.

असे कितीतरी डाव झाले. एका दुपारी आप्पांनी फासा माझ्या हातातून काढून घेतला. "सरदार, हाई लढाई शे का सत्यनारायणनी पूजा? मन्हा एक बी मानूस मरत नही!"

"नशीब, आप्पा. माझा फासा खराब."

"मन्ही नजर गयी, हाई तुले कवयपासून मालूम शे?"

"काय नजर गेली? उगाच काहीतरी. मला तर काही दिसत नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. नेमके माझ्याकडे नाही, थोडे बाजूला. मग म्हणाले, "साडीवर फुली मारस. मन्हा तोंडवर माराले लाज वाटनी?"

त्यांनी सगळी फौज एका चालीत पुढे ढकलली. आडोसा नाही, राखीव नाही, सगळे उघड्यावर. "मार आते. आणि बाही वर कर." मी बाह्या दुमडून फासे टाकत गेलो. सहा हवा असताना जन्मात न पडणारा सहा त्या दिवशी पुन्हापुन्हा पडला. चहाच्या वेळेपर्यंत टेबलावर एकही मावळा उभा नव्हता. आप्पांनी सगळे जेवणाच्या डब्यात भरले. "बठ्ठास्ना कपडा बदलना पडतीन," एवढंच म्हणाले. मी जिंकलो होतो. तसा विजय वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

महिनाअखेरीस काम सोडून ते गावी गेले. मी बसपर्यंत गेलो, खिडकीशी उभा राहिलो आणि "पाणी घेतलंत का?" एवढंच विचारलं. माफी मागायची होती, ते राहून गेलं.

पुढच्या दिवाळीनंतर त्यांचा भाचा तोच डबा घेऊन आला. सगळे मावळे नव्या कपड्यांत. ब्रश धरवत नव्हता, म्हणून आप्पांनी ते बोटानं रंगवले होते. अंगरख्यांवर त्यांच्या बोटाच्या रेषा उमटलेल्या. पागोटी पार खांद्यांवर ओघळलेली. आणि डोळे एकालाही नाहीत.

"मामानं सांगितलंय," भाचा म्हणाला, "डोळे सरदारानं काढायचे. म्हणजे ते त्याच्याकडे बघतील."

मी डबा माळ्यावर ठेवला. आज काढू, उद्या काढू. आप्पा गेल्याचं कळलं त्या दिवशीही डबा खाली काढला आणि परत वर ठेवला. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. इतके जण एकदम माझ्याकडे बघू लागले असते.

आता चष्मा मलाही लागला आहे. परवा ब्रशचे केस उपटून दोन ठेवले, श्वास रोखला आणि पहिला मावळा हातात घेतला. एक डोळा जागेवर बसला, दुसरा गालावर उतरला. तो माझ्याकडे तिरका, पण अगदी सरळ बघत होता. सवयीनं माझा हात खडू शोधू लागला. मग मी ब्रश खाली ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा, फुलाबाहेर गेलेला ठिपका पास केला.